सेहेचाळिसावा कम्प्युटर

"मॅडम, पंचेचाळीस हिरवे, एक लाल. लाल कोण, तोच का?"

प्लांट हेड सावंत साहेबांचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. शुक्रवार, सकाळचे सव्वाआठ. कामशेत अजून यायचं होतं. रिपोर्ट मी घरून निघतानाच त्यांना पाठवला होता.

"तोच सर. डिस्पॅच तीन."

"सलग तिसऱ्यांदा. अपडेट चालू असताना मशीन बंद झालंय. तुम्हीच रिमार्क टाकलाय खाली."

"हो सर."

"ठीक आहे. आता मी बघतो."

आमच्याकडे साहेब 'मी बघतो' म्हणाले की समोरच्यानं आपलं बघायला लागावं. माल बाहेर पाठवायच्या विभागातल्या त्या तिसऱ्या कम्प्युटरवर, म्हणजे डिस्पॅच तीनवर, काम करणारी रंजना भालेराव माझ्या पुढच्याच सीटवर बसली होती. ती कुरवंड्याची. लोणावळ्याला आम्ही दोघी एकाच थांब्यावर बस धरतो. मी फोन ठेवला तशी ती मागे वळली आणि तिनं डबा पुढे केला.

"घ्या मॅडम, करवंदं. काल सुट्टी व्हती, आमी समदी डोंगराला गेलतो."

मी मूठभर घेतली. फोन तिच्याबद्दल होता हे तिला माहीत नव्हतं. मला होतं, आणि मी करवंदं खात बसले.

मी नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटर आहे. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. माझं काम काय, असं कुणी विचारलं तर मी 'कम्प्युटरांची मुकादम' असं सांगते. सगळे कम्प्युटर वेळेवर हजर आहेत ना, त्यांच्यात नवं सॉफ्टवेअर गेलं ना, कुणी आजारी नाही ना, हे बघायचं.

एका जागी बसून सगळ्या कम्प्युटरांत एकदम नवं सॉफ्टवेअर घालणं, याला डिप्लॉयमेंट म्हणतात. पूर्वी मी सीडी घेऊन टेबलोटेबली फिरायचे. आता सर्व्हरवर पॅकेज ठेवायचं, कम्प्युटरांची यादी निवडायची आणि वेळ लावायची. ठरल्या वेळी सर्व्हर प्रत्येकाकडे ते पाठवतो. कम्प्युटर ते बसवून घेतो, स्वतःला रीस्टार्ट करतो आणि 'झालं' असं कळवतो. झालं की रिपोर्टात हिरवी खूण, नाही झालं की लाल. या सगळ्याला अट एकच, कम्प्युटर चालू पाहिजे.

हे अपडेट मोठं होतं. आमच्या मालाच्या प्रत्येक पेटीवर बारकोडचं लेबल लागतं. ज्या कंपनीला आम्ही माल देतो, तिनं लेबलाचा नमुना बदलला आणि कळवलं की एक तारखेपासून जुनं लेबल दिसलं तर ट्रक गेटवरूनच परत. म्हणजे शॉप फ्लोअरवरच्या, जिथं प्रत्यक्ष काम चालतं तिथल्या, सेहेचाळीसही कम्प्युटरांत नवं लेबल सॉफ्टवेअर हवं, आणि ते चालण्यासाठी आधी आतली सगळी सिस्टीम नवी हवी. एका कम्प्युटरला दोन-अडीच तास लागत होते. कामाच्या दिवशी एवढा वेळ कोण देणार? आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. म्हणून मी बुधवारी संध्याकाळी सहाची वेळ लावली. सगळे घरी गेले की अपडेट सुरू.

त्यासाठी नोटीस काढली. इंग्रजी नोटीस आमच्याकडे कुणी वाचत नाही, म्हणून मराठीत काढली. शाळेत मला निबंधाला बक्षीस मिळालं होतं, तेव्हा मराठी नोटीस लिहायचं काम मी कुणाला देत नाही. 'बुधवारी घरी जाताना कम्प्युटर बंद करू नये. चालू ठेवून नीट लॉक करावा. लॉक केल्याशिवाय जागा सोडू नये.' खाली माझी सही. लॉकचं वाक्य ऑडिटवाल्यांसाठी होतं. स्क्रीन उघडी राहिली तर कुणीही येऊन लेबल छापू शकतो, असा त्यांचा आक्षेप होता. कम्प्युटर लॉक करणं म्हणजे कीबोर्डवरच्या दोन कळा एकदम दाबायच्या. स्क्रीनवर पासवर्डचं पान येतं आणि आत काम चालू राहतं.

पहिल्या बुधवारी पाच कम्प्युटर लाल राहिले. दुसऱ्या वेळी दोन. तिसऱ्या वेळी एकच, डिस्पॅच तीन. तिन्ही वेळा तो अर्ध्या अपडेटमध्ये अचानक बंद पडला होता. रिपोर्टाच्या शेवटी रिमार्क्सचा रकाना असतो. रिकामा रकाना मला बघवत नाही. तिथं मी लिहिलं, 'युजरने कम्प्युटर बंद केल्याची शक्यता.' लिहायला दहा सेकंदही लागले नसतील.

शुक्रवारी दुपारी रंजनाला मेमो मिळाला. मेमो म्हणजे कंपनीनं लेखी विचारलेला जाब. 'वारंवार सूचना देऊनही कम्प्युटर बंद करून कामात अडथळा आणल्याबद्दल.' सोबत माझा रिपोर्ट जोडलेला, आणि माझं वाक्य पिवळ्या रंगानं रंगवलेलं.

रंजना दोन वर्षं कंत्राटावर होती. या वेळी कायम करायच्या यादीत तिचं नाव होतं. पुढच्या शनिवारी कमिटी बसणार होती. ज्याच्या फाइलीत मेमो, त्याला कमिटी कायम करत नाही, आणि यादीतून नाव गेलं की कंत्राट संपल्यावर सरळ घरी. तिचा नवरा पर्यटकांची गाडी चालवतो. सीझन असला तर पैसे, नाही तर नाही. दर महिन्याला पगार आणणारी घरात ती एकटीच.

चहाच्या सुट्टीत ती मेमो घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, ह्ये तुमी ल्हिलंय?"

"मी 'शक्यता' लिहिलंय," मी म्हणाले. स्वतःच्याच कानाला ते कसंतरी वाटलं.

"म्या बंद न्हाई केला. तुमच्या नोटिशीत हाय तसंच केलं. चालू ठिवला आन लॉक केला."

"नक्की लॉक केला?"

"व्हय. तिन्ही बुधवारी."

"मग बंद कसा झाला?"

"त्ये मला काय ठावं? कम्प्युटरवाल्या तुमी." एवढं बोलून तिनं मेमोची घडी केली आणि गेली. संध्याकाळी बसमध्ये ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

शनिवारी मी डिस्पॅच तीनचा लॉग काढला. लॉग म्हणजे कम्प्युटरची रोजनिशी, कितीला काय केलं ते तो स्वतः लिहून ठेवतो. पहिल्या बुधवारी बंद झाल्याची वेळ सात वाजून पाच मिनिटं. दुसऱ्या बुधवारी सातला दोन कमी. तिसऱ्या बुधवारी सात वाजून अकरा मिनिटं. का बंद झाला ते मात्र लिहिलेलं नव्हतं. बटण दाबून धरलं, वीज गेली किंवा यंत्र आपोआप मेलं, तिन्ही प्रकारांत तो एकच वाक्य लिहितो, 'अचानक बंद झालो.' वीज गेलेली नव्हती. त्याच लाइनवरचे डिस्पॅच दोन आणि चार ठणठणीत चालू होते.

आमची बस पावणेसहाला सुटते. तिन्ही बुधवारी सात वाजता रंजना बसमधून उतरून लोणावळ्याच्या थांब्यावर उभी होती. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण मी तिच्या शेजारी उभी होते. म्हणजे फिर्यादी मी आणि तिच्या बाजूची साक्षीदारही मीच. रिमार्क लिहिताना हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, कम्प्युटर बंद झाला तेव्हा रंजना लोणावळ्यात होती. माझ्याबरोबर."

"मग कुणाला तरी सांगून जात असेल."

"कशासाठी?"

"मॅडम, लोकांना नवीन सिस्टीम नको असते. वीस वर्षं बघतोय मी. जुनं लेबल दोन क्लिकमध्ये निघतं, नव्याला पाच लागतात."

"पण तिनं तर ट्रेनिंगही..."

"तुम्ही असं करा. मी तासदोन तास लोडिंग थांबवतो. तुम्ही जाऊन हातानं अपडेट टाका आणि विषय संपवा. मेमोचं काय ते एचआर बघेल."

खरं सांगते, मोह झाला. हातानं टाकलं असतं तर सेहेचाळीसच्या सेहेचाळीस हिरवे झाले असते. माझं काम झालं असतं, साहेब खूश झाले असते आणि रंजनाच्या फाइलीत माझं वाक्य जन्मभर पिवळं राहिलं असतं. 'तो कम्प्युटर का बंद पडत होता' हे मग कुणी विचारलं नसतं. लाल खूण गेली की प्रश्नही जातो.

"सर, मला एक बुधवार द्या. मी स्वतः तिथं थांबते."

"एक तारीख त्याच्या पुढच्याच सोमवारी आहे."

"गुरुवारी दुपारपर्यंत काय ते कळेल. नाही कळलं तर हातानं टाकीन, आणि तुम्ही म्हणाल ते लिहून देईन."

"लिहून द्याल?"

"देईन."

बाहेर आल्यावर लक्षात आलं. पैज मी लावली होती आणि नोकरी तिची होती.

बुधवारी सव्वापाचला मी डिस्पॅचला जाऊन उभी राहिले. मे संपत आलेला, वर पत्र्याचं छप्पर. रंजनानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा लेबलं चिकटवायला लागली.

शॉप फ्लोअरवरचे कम्प्युटर ऑफिसातल्यासारखे टेबलावर नसतात. तिथं धूळ, तेलाची वाफ. म्हणून छातीएवढं लोखंडी कपाट असतं. दार उघडलं की वरच्या फळीवर स्क्रीन आणि कीबोर्ड, खालच्या फळीवर सीपीयूचा डबा. दिवसभर ही दारं सताड उघडी असतात. मी इतक्या वर्षांत ती कधी बंद बघितली नव्हती, पण सुट्टीच्या वेळी मी तिथं कधी गेलेच नव्हते. मी सर्व्हरपाशी.

साडेपाचचा भोंगा झाला. बाकीचे हात पुसत निघाले. डिस्पॅच दोनच्या माणसानं स्क्रीनकडे बघितलंही नाही, जेवणाचा डबा उचलला आणि गेला. रंजनानं कीबोर्ड फडक्यानं पुसला. स्क्रीन चालू आहे ना ते वाकून बघितलं. सीपीयूचा दिवा बघितला. मग तिनं लोखंडी दार लावलं, अॅप्रनच्या खिशातून भलंमोठं पितळी कुलूप काढलं, कडीत अडकवलं आणि खटकन दाबलं. दोनदा ओढून बघितलं.

"झाला लॉक, मॅडम. वढून बगा तुमी."

मी कुलूप ओढून बघितलं.

"हे कुलूप कुणी दिलं?"

"माजं हाय. हितलं कवाच हरावलंय. तुमची नोटीस लागली तवा तळेगावातनं आनलं." तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "रोज शिक्युरिटीकडं देती. आज तुमी हायसा तर तुमीच ठिवा. माजी बस जाईल."

ती गेली. मी फळ्यावर लावलेली माझी नोटीस पुन्हा वाचली. 'कम्प्युटर चालू ठेवून नीट लॉक करावा.' फ्लोअरवर त्या अख्ख्या कपाटालाच कम्प्युटर म्हणतात. 'कम्प्युटर उघड', 'कम्प्युटर लाव', 'कम्प्युटरवर डबा ठेवू नको', असं मी हजारदा ऐकलेलं आहे. आणि कपाट लॉक करायचं म्हणजे आणखी काय करायचं? शुक्रवारी आम्ही दोघी एकच शब्द बोलत होतो. तिच्या डोळ्यापुढे कुलूप होतं, माझ्या डोळ्यापुढे दोन कळा.

पण कुलूप लावल्यानं कम्प्युटर का मरावा? ते विचारायला मी मेंटेनन्समधल्या आबांना गाठलं. आबा आमचे सगळ्यात जुने वायरमन. मी कपाट दाखवलं.

"बंद केलंय?" आबा म्हणाले. "आन आत चालू हाय?"

"हो."

"आवो मॅडम, ह्याच्या मागं पंखा व्हता, वारा भाईर फेकाया. तो जळून लय दिस झालं. समद्याच कपाटांचं तेच. म्हनून तर दारं उगडी ठिवत्यात. न्हाई तर आत भट्टी व्हती."

"तक्रार नव्हती केली कुणी?"

"केलती की. पंखं आलं न्हाईत. दार उगडं ठिवलं की भागतंय, मग कोन मागं लागतंय?"

मी किल्ली खिशात ठेवली आणि दार उघडलं नाही. सहाला अपडेट सुरू झालं. मी आणि आबा शेजारच्या खोक्यांवर बसलो. साडेसहाला कपाटाच्या पत्र्याला हात लावला तर कोमट. पावणेसातला गरम. आतून घरघर मोठी व्हायला लागली. अपडेट चालू असताना सीपीयूला रोजच्या लेबलांपेक्षा कितीतरी जास्त काम पडतं, तेवढा तो तापतो. सात वाजून आठ मिनिटांनी घरघर थांबली. कुणी बटण दाबलं नव्हतं. जास्त तापलं की जळू नये म्हणून सीपीयू स्वतःलाच बंद करतो, तशी त्याच्यात सोय असते.

मी कुलूप काढून दार उघडलं. चुलीपुढे बसल्यासारखी झळ तोंडावर आली.

"घ्या," आबा म्हणाले. "घावला तुमचा चोर."

चोर कसला सापडला? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आम्ही निघालो होतो, आणि दोर माझाच होता.

दार उघडं टाकून मी घरी आले. गुरुवारी सकाळी सुट्टीच्या दिवशी परत गेले, दार सताड उघडं ठेवून अपडेट लावलं. साडेअकराला हिरवी खूण आली. कळायचं ते कळलं होतं, तरी मी पुन्हा एकदा रिफ्रेश करून बघितली.

शुक्रवारी सकाळी मी फ्लोअरवर फिरून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. बुधवारी जाताना लॉक कसा केला? सहा जणांनी दोन कळा दाबून दाखवल्या. एकानं सांगितलं, "लॉक काय, तसाच सोडला की." एकानं विचारलं, "कसली नोटीस?" बाकीचे नुसते हसले. आता पाळी साहेबांची होती.

"म्हणजे तिनं दार लावलं म्हणूनच बंद पडलं ना?" साहेब म्हणाले. "मग चूक तिचीच."

"नोटिशीत लॉक करा असं लिहिलं होतं, सर. तिनं केलं."

"लॉक म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं."

"सहा जणांना कळतं. मी विचारून आले."

"बरं. मी एचआरशी तोंडी बोलतो."

"मी लेखी आणलंय." मी कागद पुढे केला. सूचना संदिग्ध होती आणि ती मी लिहिली होती. कपाटातला पंखा बंद होता. युजरने सूचना अक्षरशः पाळली. माझा रिमार्क मी चौकशी न करता लिहिला होता. सॉफ्टवेअर आम्ही आधी चार कम्प्युटरांवर घालून बघतो, नोटीस मी कुणालाही वाचायला न देता लावली.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "हे लेखी कशाला देताय? तुमच्या अप्रेझलला जाईल."

"मेमो लेखी होता, सर."

त्यांनी कागद ठेवून घेतला. शनिवारी कमिटी बसली. मेमो मागे घेतला आणि रंजना कायम झाली. सोमवारी नव्या लेबलांचे ट्रक त्या कंपनीच्या गेटमधून आत गेले. पंधरा दिवसांत सेहेचाळीस पंखेही आले, आता ते का आले हे कुणी विचारू नये. माझ्या अप्रेझलमध्ये, म्हणजे वार्षिक मूल्यमापनात, 'कम्युनिकेशन'पुढे 'सुधारणेस वाव' असा शेरा आला. त्यात खोटं काही नव्हतं.

कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या संध्याकाळी रंजना बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, झालं त्ये झालं." वडगाव येईपर्यंत आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मला राहवेना.

"रंजना, दार लावलं की आत तापेल, असं तुला एकदाही वाटलं नाही?"

"वाटलं की. पयल्याच दिशी वाटलं. बंद कपाटात तापतं, ह्ये आमाला ठावं हाय. म्हनून तर दारं उगडी ठिवत व्हतो."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"खाली तुमची सही व्हती. म्हनलं, मॅडम शिकलेल्या हायेत, कायतरी इचार करूनच ल्हिलं आसंल."

मी काहीही विचार केला नव्हता. ऑडिटवाल्यांचं एक वाक्य मराठीत आणलं होतं आणि चांगलं वाटतं म्हणून पुढे आणखी एक जोडलं होतं. मला लाज वाटली. सेहेचाळिसांतल्या एकोणचाळीस जणांनी माझ्या नोटिशीतलं लॉकचं वाक्य पाळलंच नाही, त्यांना कुणी काही विचारलं नाही. जिनं नोटीस अक्षरन् अक्षर पाळली, पदरचं कुलूप आणून पाळली, तिला मेमो मिळाला.